दोघंही कमावतात, दोघंही थकतात

आजचा पाठ संसाराचा आहे. घरात सगळे बसले असताना मोठ्यानं वाचावा.

आमच्या बेल्यात कापूस फुटला की घराची घडी बदलते. बाई पहाटेच चूल, पाणी, डबे आवरून वेचणीला जाते. पुरुष माल घेऊन आदिलाबादच्या मार्केटला जातो. संध्याकाळी दोघंही थकून येतात आणि भाजीत मीठ कमी पडलं म्हणून भांडण होतं. पण ते भांडण मिठाचं नसतं.

काम आणि घर यांच्या या ओढाताणीची तीन रूपं ग्रीनहाउस आणि ब्युटेल या अभ्यासकांनी १९८५ मध्ये सांगितली.

१. वेळेची: कामाला दिलेली वेळ घराला उरत नाही.
२. ताणाची: शरीर घरी येतं, पण मन कामावरच राहतं.
३. वागण्याची: कामावरची हुकमाची भाषा घरात चालत नाही.

ही ओढ उलटीही असते. लेकराला ताप असला की कामात लक्ष लागत नाही.

आणि एकाचा ताण एकापाशी थांबत नाही. भाव पडला, तो गप्प बसला. तिला वाटलं, माझ्यावरच रागावला. रात्रभर तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ती चिडली आणि तो अजून गप्प झाला.

ओझंही सारखं नाही. देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे ८८.

आम्ही दोघंही यात चुकलो. मागच्या वेचणीत आमच्यात आठ दिवस अबोला होता. लेक म्हणाली, "आज मी कोणाशी बोलू?" तेव्हा आम्हाला कळलं, आमच्या ओढाताणीत तिसरं माणूसही भरडतंय.

या आठवड्याचा अभ्यास:

• कामाचा राग घेऊन घरी आलात तर आधी सांगा, "राग तुझ्यावर नाही."
• जेवणानंतर दहा मिनिटं एकमेकांना विचारा, "आज काय जड गेलं?" सल्ला देऊ नका, फक्त ऐका.
• पुरुषांनी घरातलं एक काम पूर्ण आपल्याकडे घ्यावं, कोणी आठवण न करता. त्याला 'मदत' म्हणू नये, घर दोघांचं आहे.

कोणी कोणतं काम घेतलं, ते ग्रुपवर एका ओळीत कळवा. आमच्याकडे रात्रीची भांडी आता त्यांच्याकडे आहेत.

सर्वांचं भलं होवो.