दुधातले ‘ड’ आणि चरबीतला दाह

टोन्ड, डबल टोन्ड आणि साय काढलेल्या दुधात ‘ड’ जीवनसत्त्व किती घालायचे, हे ‘एफएसएसएआय’च्या 2018च्या नियमांत ठरलेले आहे: लिटरमागे 5 ते 7.5 मायक्रोग्रॅम, म्हणजे 200 ते 300 युनिट. ‘ड’ घातलेल्या दुधाच्या पिशवीवर ‘प्लस एफ’चे निळे चिन्ह असते, गवळ्याच्या सुट्या दुधात हा प्रकार नाही. हिशेबाने 200 मिलीच्या पेल्यातून 40 ते 60 युनिट मिळतात. प्रौढांसाठी आयसीएमआरची 2020ची शिफारस रोज 600 युनिटची आहे. ती नुसत्या दुधावर भागवायची तर दोन-तीन लिटर रिचवावे लागेल.

स्थूल शरीरात हे अपुरेपण आणखी वाढते. ‘ड’ चरबीत विरघळते, आणि चरबी जास्त असली की रक्तात कमी उरते. बोस्टनमध्ये वोर्ट्समन, होलिक आणि सहकाऱ्यांनी 2000 साली सडपातळ व स्थूल व्यक्तींना सारखाच अतिनील प्रकाश दिला; स्थूलांच्या रक्तातली ‘ड’ची वाढ 57 टक्क्यांनी कमी भरली. ते चरबीत अडकून पडते, असा एक खुलासा. मोठ्या पातेल्यात चिमूटभर मीठ अळणी लागावे तसे ते पसरून पातळ होते, हा दुसरा. म्हणूनच कमतरतेवर उपचार करताना स्थूल रुग्णाला डॉक्टर दुप्पट-तिप्पट मात्राही देतात.

स्थूलपणातल्या दाहाचे मूळ मात्र चरबीतच आहे. फुगलेल्या चरबीपेशींभोवती रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात, त्यांतून आयएल-6, टीएनएफ असे संदेशवाहक सुटतात आणि यकृत सीआरपी हे दाहाची खूण असलेले प्रथिन जास्त बनवू लागते. ‘ड’ या पेशींना आवर घालते, असे प्रयोगशाळेत दिसते. पण ‘ड’ कमी असणे हे स्थूलपणाचे कारण की परिणाम, हा प्रश्न उरतो. जनुकांच्या आधारे 2013 साली झालेल्या मोठ्या अभ्यासात वजन वाढल्याने ‘ड’ घटते असे आढळले. ‘ड’ घटल्याने वजन वाढते, याला आधार मिळाला नाही.

तेहरानमधील एक चाचणी या संदर्भात हमखास सांगितली जाते. मधुमेहाच्या 90 रुग्णांना 12 आठवडे दूघ, म्हणजे आपल्या ताकाची इराणी बहीण, दिले गेले. ज्यांच्या दूघात ‘ड’ होते, त्यांची साखर आणि दाहाच्या काही खुणा सुधारल्या. मात्र त्यांच्या पोटात रोज 1000 युनिट जात होते. पिशवीच्या दुधाशी त्याची तुलना करणे म्हणजे पळीची बरोबरी बादलीशी.

प्रस्तुत लेखकाने नेमकी तीच तुलना केली. वजन 96 किलो, गुडघे ठणकणारे, रक्ततपासणीत ‘ड’ 11. निळे चिन्ह पाहून रोज अर्धा लिटर दूध सुरू झाले, दोन पेले, प्रत्येकात दोन चमचे साखर; गुडघ्याची सूज ‘आतून’ उतरेल, ही समजूत. डॉक्टरांनी लिहून दिलेली ‘ड’ची साठ हजार युनिटची पुडी कपाटातच राहिली. सहा महिन्यांनी ‘ड’ 13 आणि वजन 100. दुधातून मिळाले जेमतेम 100 ते 150 युनिट, आणि साखरेसकट पावणेचारशेच्या आसपास कॅलरी.

अशा वेळी पिशवीवरचा पोषणतक्ता वाचून पेल्याचा हिशेब करावा. तक्त्यातला आकडा बहुधा 100 मिलीचा असतो. दूध जेवणातल्या एखाद्या पदार्थाच्या जागी घ्यावे, वर जोड म्हणून नव्हे, आणि बिनसाखरेचे. साय काढून विरजणाला लावली, तर चरबीतल्या ‘ड’चा काही वाटा तिच्याबरोबर लोण्या-तुपात जातो. ‘ड’ घातलेले गोड दही किंवा फ्लेवर्ड दूध स्थूल माणसासाठी तोट्याचा सौदा.

पुडी आठवड्याला एक, डॉक्टरांनी सांगितले तितकेच आठवडे. मनाने लांबवल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, मूतखडा असे त्रास उद्भवू शकतात. कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनी तपासणी करावी. सीआरपी सर्दी-पडशात किंवा दाढ सुजलेली असताना तपासू नये, कारण तेव्हा तो आकडा चरबीपेक्षा दाढेचाच असण्याची शक्यता जास्त.