‘बोर्ड’ ह्या शब्दाचें कूळ

वहींत दोन रकाने आंखून इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करण्याची चाल विद्यार्थ्यांत फार आहे. ‘बोर्ड’ म्हणजे फळा, असें एकदां लिहून ठेविलें कीं काम झालें! पुढें वाचनांत कोणी गृहस्थ ‘ऑन बोर्ड’ गेला असें आलें, म्हणजे आमचा विद्यार्थी त्या बिचाऱ्यास खुशाल फळ्यावर चढवितो. हा दोष बुद्धीचा नव्हे, रकान्याचा आहे. म्हणून ह्या नित्याच्या शब्दाचें कूळ आपण थोडें पाहूं.

जुन्या इंग्रजींत ‘बोर्ड’ म्हणजे लांकडाची फळी. ती काळी रंगविली कीं ‘ब्लॅकबोर्ड’ झाला. तिजवर चौसष्ट घरें आंखलीं कीं ‘चेसबोर्ड’ झाला. येथवर वाट सोपी आहे. मध्ययुगीन इंग्लंडांत मोठ्या घरीं जेवणाच्या वेळीं तिवयांवर फळ्या मांडीत व जेवण उरकल्यावर त्या काढून ठेवीत. अशा रीतीनें फळीचें मेज झालें, आणि मेजाचें नांव त्यावरील अन्नासही लागलें. ‘बोर्ड अँड लॉजिंग’ म्हणजे जेवण व राहणें. पैसे देऊन असा जेवतो तो ‘बोर्डर’. त्याच मेजाभोंवतीं कारभारी विचारास बसूं लागले, तेव्हां त्या मंडळींसच ‘बोर्ड’ म्हणूं लागले. दहावीच्या मुलांची झोंप उडविणारें ‘बोर्ड’ तें हेंच! पत्ते खेळतांना हात मेजाच्या वर, सर्वांस दिसतील असे ठेवावे. त्यावरून निष्कपट व्यवहार ‘अबव्ह बोर्ड’ ठरला.

जहाजाच्या लांकडी बाजूसही हाच शब्द होता, म्हणून ‘ऑन बोर्ड’ म्हणजे जहाजावर. आज विमानास लांकडाची फळी नसते, तरी प्रवासी ‘बोर्डिंग पास’ दाखवूनच आंत शिरतो.

हें केवळ इंग्रजीचें खूळ आहे असें कोणीं समजूं नये. ‘सातारची गादी’ म्हणतांना आपल्या मनांत कापूस येत नाहीं. परीक्षेच्या ‘बोर्डा’स आपण ‘मंडळ’ म्हणतों. मंडळ म्हणजे मूळचें वर्तुळ. इंग्रजांनीं मधलें मेज पाहिलें, आपण भोंवतीं बसलेल्या माणसांचें कडें पाहिलें, इतकाच भेद.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तेव्हांपासून असे कोश आपल्या हातीं आहेत. परंतु कोश अर्थांची यादी देतो; त्यांतून निवड करितात ते वाक्यांतील शेजारचे शब्द. यास्तव विद्यार्थ्यांनीं रकाना सोडून प्रत्येक नव्या अर्थाचें एक पूर्ण वाक्य वहींत उतरावें.

पालकांसही आमची विनंति आहे. मुलास ‘ह्या शब्दाचा अर्थ काय?’ असें न विचारतां, ‘हा शब्द तुला कोणत्या वाक्यांत भेटला?’ असें विचारावें. हा प्रश्न विचारण्यास स्वतःस इंग्रजी येण्याची गरज नाहीं.