श्रीक्षेत्र नृसिंहवाडी : गावचा भूगोल आणि वस्ती

श्रीक्षेत्र नृसिंहवाडी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील एक लहानसे गाव होय. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा गावाच्या पूर्वेकडून वाहते आणि पश्चिमेकडून येणारी पंचगंगा गावाच्या दक्षिणेस तिला मिळते. कृष्णेच्या पैलतीरी औरवाड, पंचगंगेच्या पलीकडे कुरुंदवाड. पूल ओलांडल्यावाचून गावाबाहेर पडावयाचे तर वाट केवळ शिरोळच्या बाजूस. दोन नद्यांच्या बेचक्यातील ही जागा भाविकांनी ध्यानी घेतली, म्हणजे पुढील वृत्तांत सहज उलगडेल.

श्री नृसिंहसरस्वती स्वामी महाराजांचे येथे बारा वर्षे वास्तव्य झाले. त्या काळी या तीरावर औदुंबराची झाडी होती व वस्ती पलीकडे अमरापुरी, म्हणजे आजच्या औरवाडास होती. पादुकांची पूजा आलास येथील भैरंभट यांजकडे सोपविण्यात आली व पुढे त्यांच्या वंशविस्तारातून ही वाडी उभी राहिली, असे परंपरा सांगते. आधी देवस्थान व मागाहून गाव, असा हा क्रम आहे.

गावची कायम लोकसंख्या काही हजारांच्या घरातच आहे. पुजारी मंडळी, शेतकरी, नावाडी, पेढे-बासुंदीचे व पूजासाहित्याचे व्यापारी अशी ही वस्ती. मात्र पौर्णिमा, गुरुप्रतिपदा व दत्तजयंतीस येणारा समुदाय याहून कितीतरी मोठा असतो. 2016 साली कन्यागत पर्वकाळात तर गाव अपुरे पडले. शिरगणतीत न येणारी ही दुसरी वस्ती पहिलीला पोसते, असे म्हणण्यास हरकत नाही. नदीकाठच्या मळीच्या जमिनीत पिकणारी वांगी प्रसिद्ध आहेत. भोवतालचा प्रदेश मात्र उसाचा; बेसुमार पाण्यामुळे तालुक्यातील बरीच जमीन क्षारपड झाली, हे खेदाने नमूद करावे लागते.

आता पुराविषयी. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत कमी पाऊस शिरोळ तालुक्यात पडतो, तरी पुराची झळ यासच अधिक लागते. कारण पाणी येथले नव्हेच. कऱ्हाडास कोयना व सांगलीजवळ हरिपुरास वारणा पोटात घेऊन कृष्णा येथे येते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी पंचगंगा आणते. कृष्णा दुथडी असली की पंचगंगेस वाट मिळत नाही व पाणी मागे तुंबते. म्हणून वाडीत लख्ख ऊन असतानाही घाटाच्या पायऱ्या एकेक करून बुडताना दिसतात.

चढते पाणी मंदिरात उत्तरेकडून शिरून, पादुकांवरून वाहत दक्षिणद्वाराने बाहेर पडते, तो दक्षिणद्वार सोहळा. या स्नानासाठी दूरदूरचे भाविक धावून येतात. गर्भगृह पाण्याखाली गेले की श्रींची उत्सवमूर्ती वर श्री नारायणस्वामी महाराजांच्या मंदिरात नेतात व नित्यक्रम तेथे चालू राहतो. परंतु तेच पाणी आणखी चढले की प्रथम दुकानांत व नंतर घरांत शिरते. धान्य माळ्यावर जाते, गुरे शिरोळकडे हलवावी लागतात. 2005, 2019 व 2021 या वर्षांच्या महापुरांत ग्रामस्थांस घरे सोडावी लागली. पाणी ओसरल्यावर उरतो तो चिखल, आणि तो उपसण्यात अनेक दिवस जातात. भाविक ज्या वार्तेची आतुरतेने वाट पाहतात, तीच ऐकून येथील गृहिणी सामान बांधावयास घेते.

म्हणून आषाढ-श्रावणात येणाऱ्यांनी निघण्यापूर्वी पाण्याच्या पातळीची चौकशी करावी. औरवाडचा जुना पूल लवकर बुडतो. शिरोळची वाट मोठ्या पुरातच बंद होते. लहान मुले व वृद्ध यांस घेऊन वाहत्या पाण्यात उतरू नये. पाणी चढू लागल्याचे समजताच मुक्काम न वाढविता परतावे. त्या वेळी गावातील प्रत्येक कोरडी खोली ग्रामस्थांनाच लागते.