अँटेना घ्या मापून

व्यापारी बंधूंनो, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातील सास्तूर उद्ध्वस्त झाले, तेव्हा हौशी बिनतारीवाल्यांनी, म्हणजे हॅम मंडळींनी, निरोप पोहोचवले. असे निरोप हातातल्या स्कॅनरवर ऐकता येतात. पण सोबतची आखूड रबरी अँटेना दूरचा आवाज कमी पकडते.

हिशेब सोपा आहे. 7500 ला मेगाहर्ट्झने भागा. अँटेनाची लांबी सेंटिमीटरमध्ये मिळेल. हॅमच्या 145 साठी सुमारे 52, एफ.एम.च्या 100 साठी 75. म्हणून ओढून लांब होणारी घ्या, गरजेपुरतीच ओढा. उभी धरा, गच्चीवर जा. खरेदीला जाताना स्कॅनर सोबत न्या, म्हणजे जोड बसतो की नाही ते कळेल.

परवान्याचे नियम आधी विचारा. दुसऱ्याची टोह घेण्यास सूरह हुजुरातमध्ये मनाई आहे, हेही ध्यानात असू द्या.