धर्मस्वातंत्र्य कुठे संपते?



एप्रिल २००८ मध्ये टेक्सासमधील एल्डोराडोजवळ एफएलडीएस या बहुपत्नीत्व मानणाऱ्या पंथाच्या बंदिस्त वसाहतीत पोलीस शिरले. चारशेहून अधिक मुले सरकारने ताब्यात घेतली. पुढच्याच महिन्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाई पुराव्याअभावी अयोग्य ठरवली आणि मुले परत गेली.

म्हणजे पंथ निर्दोष होता का? नाही. २०११ मध्ये पंथप्रमुख वॉरन जेफ्सने न्यायालयात धर्मस्वातंत्र्याची ढाल पुढे केली. त्याने 'पत्नी' ठरवलेल्या मुलींपैकी एक १२ वर्षांची होती, दुसरी १५. ज्यूरीने जन्मठेप आणि वर २० वर्षे दिली. इतकी वर्षे तक्रार का झाली नाही? पंथाची मूळ वस्ती असलेल्या गावात घरे पंथाच्या ट्रस्टची होती. प्रमुखाची मर्जी गेली की माणसाची बायकामुले दुसऱ्याला दिली जात. बोलणार कोण?

आपल्या संविधानाचे कलम २५ धर्मस्वातंत्र्य देते, पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहूनच.

विनयपिटकही पाहा. धनिय भिक्खूने राजाचे लाकूड नेले, तेव्हा भगवंतांनी पूर्वी न्यायाधिकारी असलेल्या एका भिक्खूला विचारले: राजा बिंबिसार किती चोरीला शिक्षा करतो? उत्तर आले, एक पाद. संघाचा पाराजिक नियम त्याच मापाने ठरला. चीवर अंगावर आहे म्हणून वेगळे माप नाही.

हा भाग येत्या अभ्यासवर्गात वाचू. येताना एवढे विचारून या: आपल्या विहारातील बालवर्गाच्या मुलांना, तक्रार कुणाकडे करायची, हे कुणी सांगितले आहे का?