वास्तुकलेच्या महाविद्यालयातील प्रवेश : पूर्वतयारीचा विचार

मुलाचा वा मुलीचा हात चित्रकलेत चांगला असला, की घरची माणसे आर्किटेक्ट होण्याचा सल्ला देतात. या सल्ल्यात अर्धेच सत्य आहे, आणि उरलेले अर्धे न कळल्यामुळे बारावीनंतर अनेकांची निराशा होते. नामवंत महाविद्यालयांत जागा थोड्या, इच्छुक फार. आणि प्रत्येक महाविद्यालयाचा दरवाजा एकाच किल्लीने उघडत नाही.

दिल्ली, भोपाळ व विजयवाडा येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर या संस्था, तसेच नागपूरच्या विश्वेश्वरय्या संस्थेसारख्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था जेईई मेनच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेवरून प्रवेश देतात. अलीकडच्या वर्षांत या प्रश्नपत्रिकेच्या ४०० गुणांपैकी गणिताला १००, अभिक्षमतेला २०० आणि रेखनाला १०० गुण आहेत. गणित व अभिक्षमता संगणकावर, रेखन मात्र कागदावर हातानेच. खरगपूर व रुरकी येथील आयआयटींचा न्याय निराळा. तेथे जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण झाल्यावर रेखनाची वेगळी चाचणी होते. परंतु ती केवळ उत्तीर्ण व्हावयाची असते, क्रमांक लागतो तो ॲडव्हान्स्डच्याच गुणांवरून. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी नाटा ही २००६ पासून घेतली जाणारी परीक्षाही चालते. म्हणजे उत्तम हात पण कच्चे गणित असलेल्या विद्यार्थ्याने खरगपूरची आस धरणे व्यर्थ होय. त्याची शक्ती जेथे मोजली जाईल तेथेच ती खर्च व्हावी.

आणखी एक गोष्ट बदलीच्या नोकरीत असलेल्या कुटुंबांना फार उशिरा समजते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतील निम्म्या जागा गृहराज्यासाठी असतात, आणि हे गृहराज्य बारावी कोठून उत्तीर्ण केली यावरून ठरते. मातृभाषेवरून वा मूळ गावावरून नव्हे. चंडीगडला नेमणूक झालेल्या मराठी कुटुंबातील मुलगी तेथे बारावी झाली, तर नागपूरच्या संस्थेत ती परराज्यातील ठरते. हा हिशेब अकरावीच्या प्रवेशाआधी मांडावयाचा असतो. पुढे तो दुरुस्त करता येत नाही.

अभिक्षमता व रेखन यांची तयारी कशी करावी? सरावसंच सोडविणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. जी दृष्टी तपासली जाते ती इमारतीसमोर उभे राहून येते. या दृष्टीने चंडीगडच्या विद्यार्थ्यांजवळ एक असामान्य पाठशाळा आहे. शहराच्या उत्तर टोकास, शिवालिकच्या टेकड्यांच्या पार्श्वभूमीवर, सेक्टर १ मध्ये ल कॉर्ब्युझिए याने आखलेले कॅपिटल कॉम्प्लेक्स आहे. सचिवालय, विधानसभा व उच्च न्यायालय अशा तीन प्रचंड वास्तू तेथे आहेत. २०१६ मध्ये युनेस्कोने या स्थळाचा जागतिक वारशात समावेश केला. तेथून फार दूर नाही असे, १९६१ मध्ये स्थापन झालेले चंडीगड कॉलेज ऑफ आर्किटेक्चर सेक्टर १२ मध्ये आहे.

सचिवालयाची लांबी २५४ मीटर. एकास हजार या प्रमाणात ते काढावयाचे तर कागदावर २५.४ सेंटिमीटरची रेघ लागेल, आणि त्याच्या पायथ्याशी उभा असलेला सहा फुटी माणूस दोन मिलिमीटरही भरणार नाही. विद्यार्थ्यांच्या चित्रांत सर्वाधिक चूक होते ती येथेच. इमारत मोठी दिसावी म्हणून ते इमारत मोठी काढतात. वास्तविक माणूस लहान काढावयास हवा.

दुसरा पाठ सावलीचा. आवारातील ‘ओपन हँड’ हे वाऱ्याबरोबर फिरणारे शिल्प सुमारे २६ मीटर उंच आहे. चंडीगडचे अक्षांश सुमारे ३०.७ अंश उत्तर; म्हणून २२ डिसेंबरच्या सुमारास स्थानिक मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३६ अंश वर असतो. जमीन सपाट धरली तर तेव्हा शिल्पाची सावली सुमारे ३६ मीटर पडेल. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य ८२.७ अंशांवर असतो. तीच सावली साडेतीन मीटरांच्याही आत येते. दहावीच्या त्रिकोणमितीपलीकडे यात काही नाही. मुंबई-पुण्याच्या मुलांना वर्षातून दोनदा येणारा शून्य सावलीचा दिवस ठाऊक असतो. चंडीगड कर्कवृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे तेथे तो कधीच येत नाही. हा फरक ज्याला उमगला, त्याला याच आवारातील ‘टॉवर ऑफ शॅडोज’च्या तीन बाजूंना ऊन अडविणारे पडदे का आहेत आणि उत्तरेची बाजू मोकळी का, हे सांगावे लागत नाही. गणित आणि चित्र हे दोन वेगळे विषय नाहीत हे असे प्रत्यक्षच दिसते.

महाराष्ट्रातील शाळांत एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांची जुनी परंपरा आहे. स्मरणचित्र, वस्तुचित्र आणि भूमिती यांचा तो अभ्यास येथे उपयोगी पडतो. परंतु प्रमाणपत्र मिळताच वही मिटली, तर हात दोन वर्षांत पुन्हा जड होतो. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तेथील विद्यार्थ्याने निराश होण्याचे कारण नाही. एसटी स्थानक, वाडा, देवळाची ओवरी, यांतील कोणतेही स्थळ त्याला पुरेल. एकच जागा सकाळी, दुपारी व संध्याकाळी काढावी, दुसऱ्या दिवशी ती न पाहता काढावी, आणि मग जाऊन चुका मोजाव्यात.

कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधील कार्यालयात चंडीगडच्या आराखड्यांवर काम करणारे बाळकृष्ण दोशी मूळचे पुण्याचे. १९४७ मध्ये त्यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये प्रवेश घेतला. १९५१ मध्ये इंग्लंडमधील वास्तुविशारदांच्या एका परिषदेत चंडीगडविषयी ऐकून त्यांनी काम मागितले. हस्तलिखित अर्ज मागविण्यात आला. पहिले आठ महिने वेतन मिळणार नाही, अशी अट घालण्यात आली, आणि ती त्यांनी मान्य केली. २०१८ मध्ये त्यांना प्रित्झ्कर पारितोषिक मिळाले. आठ महिने बिनपगारी राहणे प्रत्येकाला परवडत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. शिकवणीवर्गांचे शुल्कही सर्वांना परवडत नाही. वही, पेन्सिल आणि मोजपट्टी यांना मात्र फारसा खर्च नाही. कॅपिटल कॉम्प्लेक्स पाहण्यास परवानगी लागते व मार्गदर्शकासोबतच फिरावे लागते. तेव्हा जाण्यापूर्वी कोणती वास्तू कोठून काढावयाची हे नकाशावर ठरवून ठेवलेले बरे.