घुगरी, हांसली आणि आपली फिजिक्स लॅब

इंजिनिअरिंगच्या अंकात दागिन्यांवर लेख कशाला, असं होस्टेलची मंडळी म्हणणारच. पण मित्रांनो, जुना चांदीचा दागिना म्हणजे मटेरियल सायन्सचा अख्खा चॅप्टर आहे. आमच्या रेणापूर तालुक्यातल्या बंजारा तांड्यांवर हा चॅप्टर अजून कुठे कुठे आजीच्या पेटीत जपलेला असतो. २०२५ साली चांदीचा भाव किलोला एक लाखाच्या वर गेला आणि साहजिकच पेट्या उघडायला लागल्या. माझ्या रूम पार्टनरच्या घरीसुद्धा हाच विषय चालू आहे. बहिणीचं लग्न मे महिन्यात, आणि आजीचे दागिने मोडायचे की ठेवायचे?

बंजाऱ्यांचा जुना धंदा लदेणीचा. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून तांडाच्या तांडा मुलुखभर फिरायचा. घर नाही, शेत नाही, मग कमाई ठेवायची कुठे? बाईच्या अंगावर! घुगरी आणि टोपली ही लग्न झालेल्या बाईची खूण. ती केसांना बांधतात आणि ती कानांजवळ, गालांवर लोंबते. गळ्यात जाड हांसली. शिवाय चांदीच्या रुपयांचा हार. खाली आरसे लावलेला फेटिया, वर कांचळी. सणाला, लग्नाला हा सगळा साज घालून बाया नाचतात तेव्हा आवाज आधी येतो, माणसं नंतर दिसतात. तिकडे मलेशियातही लग्नाच्या पोशाखात कमरपट्ट्याला चांदीचं नक्षीदार मोठं बकल लावतात, त्याला 'पेंडिंग' म्हणतात. म्हणजे अंगावर चांदी मिरवायची हौस काही आपलीच नाही.

आता करणी बघा. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून तिच्यात तांबं घालतात. चांदी ९६२ अंशाला वितळते, तांबं १०८५ ला. पण ७२ भाग चांदी नि २८ भाग तांबं असं मिश्रण केलं तर ते ७८० लाच वितळतं! हाच तो युटेक्टिक पॉइंट, जो आपण परीक्षेपुरता पाठ करतो. सोनार डाख देतो तेव्हा हेच तत्त्व वापरतो : डाख आधी वितळला पाहिजे, दागिना नाही. सोबत टाकणखार, म्हणजे सांधा काळा पडत नाही. हांसलीची कांब ठोकून ठोकून कडक होते, ते वर्क हार्डनिंग. मग तापवून पुन्हा मऊ करायची, ते ॲनीलिंग. सोनाराने हे कुठल्या सेमिस्टरला शिकलं असेल?

मोडीत मात्र हे काहीच मोजलं जात नाही. काट्यावर फक्त वजन. वर "माल हलका आहे" म्हणून कट लावतात, आणि तांड्यावरची म्हातारी काय बोलणार? पार्टनरच्या काकांना एका दुकानात हेच ऐकावं लागलं. म्हणून आम्ही दोघांनी हांसली लॅबमध्ये नेली. (सरांची परवानगी घेऊन बरं का!)

पद्धत आर्किमिडीजची. दागिना आधी हवेत तोला, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोला. समजा हवेत १०४ ग्रॅम भरला आणि पाण्यात १० ग्रॅम कमी झाला, तर घनता १०.४. शुद्ध चांदीची १०.४९, तांब्याची ८.९६. जर्मन सिल्व्हरची साधारण ८.७, आणि त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल, जस्त असतं. तोच १०४ ग्रॅमचा दागिना त्याचा असेल तर पाण्यात जवळजवळ १२ ग्रॅम कमी भरेल. फरक अगदी स्पष्ट दिसतो.

आमची हांसली १०.३ आली. म्हणजे माल हलका नाही. मात्र शिसं चांदीपेक्षा जड असतं, त्यामुळे कोणी ते मिसळलं असेल तर हा हिशोब फसू शकतो. घुगरी तर पोकळ, आत हवा अडकते, तिला ही पद्धत चालत नाही. हारातले रुपये सोपे. जुना इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि त्यात ११/१२ भाग चांदी. १९४० पासून ती निम्म्यावर आणली, तेव्हा नाण्यावरचं साल वाचा आणि मगच भाव ठरवा.

घरी असा दागिना मोडायला निघाला असेल तर आधी दोन्ही बाजूंनी फोटो काढा, मापं घ्या, डाख कुठे आहे तेही टिपून ठेवा. पार्टनरने हांसलीचं सगळं ड्रॉईंग काढलंय, एकास एक स्केलवर. घुगरीचं अजून बाकी आहे.